दहा लाखांच्या खालची माणसं

आमच्या गावाचं नाव सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : चांदूर बाजार नाही, चांदूर रेल्वे. मुंबई-हावडा मार्गावर बडनेरा सोडलं की वर्ध्याच्या अलीकडे येतं ते. 2011 च्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास वस्ती. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आणि गावाबाहेरच्या शेतांत तुरीऐवजी बोर्ड उगवू लागले : ‘एनए टीपी प्लॉट, बुकिंग चालू’. चुन्याच्या रेषा, मधे मुरमाचा रस्ता, कोपऱ्यात एक खुर्ची आणि छत्री. यालाच आमच्याकडे ले-आऊट म्हणतात.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी पंधरा वर्षांपासून भाड्याच्या एका खोलीत राहतात. घरकुलाचं विचारलं तर म्हणाल्या, “घराले पैसे देते सरकार. पण थे घर ठिवू कुठी, डोक्यावर?”

यापेक्षा नेमकी टीका मी तरी वाचलेली नाही. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2015 मध्ये आली. स्वतः घर बांधणाऱ्याला तिच्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. अट एवढीच की जागा तुमची हवी. सातबारा, आखीव पत्रिका, पट्टा, काहीतरी कागद हवा. योजनेत भागीदारीतून इमारती बांधण्याचाही प्रकार आहे, पण त्यासाठी आधी कुणीतरी इमारत उभारायला हवी. खेड्यात बेघराला जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्य देणारी वेगळी योजना आहे. ती ग्रामीण योजना, नगर परिषदेच्या हद्दीत लागू नाही.

आता गंमत बघा. ज्यांनी सरकारी जागेवर, आपल्या भाषेत ई-क्लासवर, 1 जानेवारी 2011 च्या आधी झोपडी टाकली, त्यांचं अतिक्रमण नियमित करून घरकुल द्यायचा निर्णय सरकारने घेतला. चांगलंच केलं, माझी तक्रार नाही. पण मावशींनी अतिक्रमण केलं नाही, महिन्याच्या महिन्याला भाडं भरलं. म्हणून त्या रांगेतच नाहीत.

मग जागा येणार कुठून? उत्तर राज्याच्या नियमांतच आहे, फक्त आपल्यासाठी नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये महाराष्ट्राने सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम आणला. 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्रकल्प असेल तर 20 टक्के हिस्सा अल्प उत्पन्न आणि आर्थिक दुर्बल गटासाठी ठेवायचा. ले-आऊट असेल तर 30 ते 50 आणि 50 ते 100 चौरस मीटरचे छोटे प्लॉट पाडायचे. पण हे फक्त दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरपालिकांत. 2020 च्या एकत्रित नियमावलीतही तीच अट. 2011 ला अमरावती साडेसहा लाखांच्या घरात होती, अकोला त्याहून लहान. म्हणजे अख्खं वऱ्हाड या नियमाच्या बाहेर. चांदूर रेल्वेला दहा लाख व्हायला किती पिढ्या लागतील, तुम्हीच हिशोब करा.

दुसरा उंबरठा एकराचा, कारण 4000 चौरस मीटर म्हणजे जवळपास एक एकर. उंबरठा ठेवला की त्याच्या आत बसायची कला येतेच. 2022 च्या सुरुवातीला तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी नाशिकबाबत आरोप केला तो हाच : जमिनीचे तुकडे पाडून मंजुऱ्या घेतल्या आणि म्हाडाच्या वाट्याची घरं गायब झाली. आपल्याकडे तर एकराच्या आत राहिलं की साधारणपणे 10 टक्के मोकळी जागाही सोडावी लागत नाही. दोन फायदे एकदम!

यावर ठरलेलं उत्तर येतं : छोटा माणूस आहे, त्याला झेपणार नाही. हे रडगाणं फक्त आपलं नाही. इंग्लंडमध्ये 2014 साली सरकारने दहा किंवा कमी घरांच्या प्रकल्पांना परवडणाऱ्या घरांच्या बंधनातून सूट दिली, ती कोर्टात गेली, रद्द झाली आणि 2016 मध्ये अपिलात पुन्हा लागू झाली. युक्तिवाद तोच, छोटा बिल्डर जगला पाहिजे.

जगू द्या. पण आधी आकडे मांडू. एक एकराचा ले-आऊट घ्या. 10 टक्के मोकळी जागा गेली, रस्त्यांना पाव हिस्सा गेला, उरले 2600 चौरस मीटर. दीडशे मीटरचे सतरा प्लॉट होतात. त्यातला पाचवा हिस्सा म्हणजे 520 मीटर, साडेतीन मोठे प्लॉट. तेवढ्याच जागेत पन्नास मीटरचे दहा प्लॉट बसतात. पन्नास मीटर म्हणजे सव्वापाचशे चौरस फुटांच्या वर. दोन खोल्या, संडास आणि तुळशीपुरती जागा. दहा कुटुंबं, एका एकरात.

आणि फुकट कोण मागतंय? रेडीरेकनरच्या दराने द्या. यादी नगर परिषदेने लावावी, घर बांधायला अडीच लाख योजनेतून येतीलच. ले-आऊटवाल्याचा तोटा म्हणजे साडेतीन प्लॉटांवरचा बाजारभाव आणि रेडीरेकनर यांतला फरक, एवढाच. ज्या रस्त्यामुळे त्याच्या शेताचा भाव चढला, तो सरकारी पैशातून झाला आहे, हे तो सोयीने विसरतो.

एक अडचण खरी आहे, ती मान्य करतो. पाव एकरात तीन-चारच प्लॉट पडतात, तिथे पाचवा हिस्सा काढला तर तुकडा धड राहत नाही. तिथे तेवढ्या जागेचे रेडीरेकनरचे पैसे घ्या आणि त्यातून नगर परिषदेने दुसरीकडे जागा घ्यावी. ते पैसे मात्र वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत, नाहीतर चौकात कारंजं होईल.

हे केलं नाही तर गरीब काय करतो, ते आपण पाहिलंच आहे. तो स्टॅम्पपेपरवर मंजुरी नसलेला तुकडा घेतो. नाली नाही, रस्ता नाही, बँक कर्ज देत नाही. मग सरकार वीस वर्षांनी गुंठेवारीची फाइल काढतं. 2001 चा कायदा, 2021 ची दुरुस्ती, प्रत्येक वेळी तारीख पुढे.

नियम बदलायला नवा कायदा नको. नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली सरकार नियमावलीत फेरबदल प्रस्तावित करतं, हरकती-सूचना मागवतं आणि अधिसूचना काढतं. दहा लाखांची अट काढा, नगर परिषदा आत घ्या आणि एकराचा उंबरठा दहा आरवर आणा. प्लॉटवाल्यांच्या संघटनांची निवेदनं तर मुंबईला जातातच. भाड्याच्या खोलीतून अजून एकही गेलेलं माझ्या माहितीत नाही. मावशींचं मी लिहून देणार आहे, सही त्या स्वतः करतील.