गायकानें चाल बदलावी काय ?

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत आमच्या एका विद्यार्थ्यानें लासूरच्या कांदा-बाजारावर स्वतः रचलेलें विनोदी गाणें म्हटलें, तेव्हां सारा मंडप हंसून बेजार झाला होता. यंदा त्यानेंच एक संथ, गंभीर गाणें म्हणावयास घेतलें, तों पालकांच्या रांगेंतून "तें कांद्याचें म्हण !" असा पुकारा झाला. मुलगा हिरमुसला. पुकारा करणारांचा हेतु वाईट नव्हता. तथापि ते चुकले, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

या संबंधांत गोव्याचे रॉक गायक व गीतकार रेमो फर्नांडिस यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. यांचा जन्म १९५३ चा. मुंबईस स्थापत्याचें शिक्षण घेऊनहि ते गाण्याकडे वळले. १९८४ सालीं शिवोलीच्या राहत्या घरीं त्यांनीं 'गोअन क्रेझी' हा गीतसंग्रह ध्वनिमुद्रित केला. यंत्र साधें, चार पट्ट्यांचें : एका पट्टीवर गिटार वाजवावी, ती ऐकत दुसरीवर आणखी एखादें वाद्य, मग गळा, आणि शेवटीं सर्वांचें मिश्रण. फिती विकावयाच्या त्याहि स्वतःच, स्कूटरवरून दुकानोदुकानीं हिंडून ! गोव्यांतील बिघडलेल्या टेलिफोनांची थट्टा करणारें त्यांचें गाणें लोकांना फार आवडलें.

अशा वेळीं दुसरा कोणी तसलींच आणखी दहा गाणीं रचता. रेमोंनीं १९८५ सालीं 'ओल्ड गोअन गोल्ड' काढला, तो आजी-आजोबांच्या काळच्या कोंकणी व पोर्तुगीज गाण्यांचा. १९८६ सालच्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्यें मादक द्रव्यांविरुद्ध तरुणांस इशारा होता. थट्टा, जुनीं गाणीं, इशारा. तीन वर्षांत तीन तऱ्हा! परंतु पाय मात्र स्वतःच्याच अंगणांत.

प्रत्येक बदल आपणांस रुचलाच पाहिजे असें नाहीं. १९९८ सालच्या 'ओ मेरी मुन्नी' या हिंदी संग्रहावर पाय ठेका धरतात खरे. पण मला त्यांत शिवोलीचें घर ऐकूं येत नाहीं. म्हणून तो त्यांनीं काढूं नये, असें म्हणण्याचा अधिकार मला कोणीं दिला ? ऐकणाराची आवड जेथें प्रथम जडली, तेथेंच तिला बसून राहावेंसें वाटतें. गाणारा मात्र वर्षागणिक वयानें वाढत असतो. (आपल्या मुलांचे गतवर्षींचे सदरे यंदा त्यांस होतात काय, हें पालकांनींच सांगावें.)

आतां त्या मुलाच्या नव्या गाण्याविषयीं. गोंगाटांत तें पुष्कळांस ऐकूंच आलें नाहीं. रात्रीच्या गाडीनें कामासाठीं परगांवीं निघालेला बाप आणि फलाटावर कंदिलाजवळ उभी असलेली त्याची लहान मुलगी, एवढाच त्याचा विषय. स्टेशन आपलेंच, बाजारहि त्याच्या शेजारचाच. पुढील संमेलनांत त्यास पुन्हां बोलवावें, आणि काय म्हणावें हें त्याचें त्यास ठरवूं द्यावें.