जुन्या गिऱ्हाइकाला भुर्दंड

लातूरच्या गंजगोलाईतल्या किराणा दुकानात नवखा माणूस आणि तीस वर्षांचे गिऱ्हाईक एकाच वेळी शिरले, तर तूरडाळीचा भाव दोघांना एकच सांगितला जातो. मापात मूठभर जास्त आणि महिनाअखेरीपर्यंतची उधारी मात्र जुन्यालाच. मोबाइल कंपन्यांनी व्यापाराची ही रीत उलटी करून टाकली आहे. दहा वर्षे एकच सिम बाळगून मुदत संपायच्या आदल्या दिवशी मुकाट रिचार्ज मारणाऱ्याला जाहीर दर. आणि ज्याने १९०० या क्रमांकावर ‘पोर्ट’चा संदेश पाठवला, त्याला फोन करून खास सवलतीची मनधरणी!

या गुपचूप सवलतीला धंद्याच्या भाषेत ‘सेगमेंटेड ऑफर’ म्हणतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, अशा सवलतींचा हिशेब मागितला. एअरटेल आणि आयडिया दूरसंचार लवादाकडे गेल्या आणि डिसेंबरात लवादाने त्या तरतुदी रद्द केल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना तपशील द्यायला लावला खरा, पण तो ट्रायने गोपनीय ठेवायचा या अटीवर. म्हणजे शेजाऱ्याला काय भाव मिळाला, हे नियामकाला कळेल, गिऱ्हाइकाला नाही.

नवे गिऱ्हाईक मिळवायला खर्च येतो, जाणारे थांबवायलाही येतो, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. असेल. पण तो खर्च जो कुठेही जात नाही त्याच्या खिशातून का काढायचा? आणि तो जात नाही याचे कारण बहुधा निष्ठा नसून नाइलाज असतो. जळकोटच्या डोंगराळ भागातल्या गावात ज्या कंपनीची रेंज, तिचेच सिम. लातूरला नीटच्या तयारीसाठी ठेवलेल्या मुलीचा नंबर बँकेला, आधारला, परीक्षेच्या अर्जाला जोडलेला. ऐन परीक्षेच्या तोंडावर चार दिवस खोळंबा झाला तर ओटीपी कुणाच्या फोनवर घ्यायचा? नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे, पण ही धास्ती काही त्या सोयीने गेलेली नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे शिकवणीसाठी मुले लातूरला ठेवणाऱ्या घरांत असे दोन-तीन नंबर बाप गावाकडून भरतो.

त्याला भरावे किती लागते? कालनिर्णयात अठ्ठावीस दिवसांचा महिना एकच, फेब्रुवारी. कंपन्यांकडे मात्र बहुतेक तसेच, त्यामुळे वर्षाचे रिचार्ज बारा नव्हे, तेरा. तीस दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवा, हे सांगायलाही ट्रायला जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढावा लागला. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकदमच दर वाढवले. रोज दीड जीबीचा जिओचा अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. फरक साठ रुपयांचा. वर्षाचा ७८०, तोही एका नंबरमागे. पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक असो की कालचे, वाढ सारखीच.

ब्रिटनमध्ये घराच्या आणि गाडीच्या विम्यात असाच प्रकार होता: नव्याला स्वस्त, नूतनीकरण करणाऱ्याला दरवर्षी महाग. तिथल्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून नियम केला की, नव्या गिऱ्हाइकाला जो भाव दिला असता त्याहून जास्त भाव जुन्याला लावायचा नाही. ट्रायने याच धर्तीवर नियम करावा. पोर्ट मागणाऱ्याला देऊ केलेला दर त्याच प्लॅनवरच्या प्रत्येकाला ॲपमध्ये दिसलाच पाहिजे आणि मागताक्षणी मिळालाही पाहिजे. सवलत देऊच नका, असे कुणी म्हणत नाही. ती लपवू नका.

नियम होईपर्यंत वाचकांनी पुढच्या रिचार्जआधी १९०० वर संदेश पाठवून पाहावा. उत्तरादाखल पोर्टिंगचा कोड आला म्हणून नंबर दुसरीकडे जात नाही. चार दिवसांत वापरला नाही, तर तो आपोआप बाद होतो.