चकाकी घराची, वाफ कुणाच्या वाट्याला?
मुंबई, खास प्रतिनिधी

घरातील लाकडी सामानाला कोणते पॉलिश करायचे, हा प्रश्न आपल्याकडे आजवर दोनच कसोट्यांवर सुटत आला : चकाकी किती आणि टिकणार किती. लेप वाळताना आणि वाळल्यानंतरही हवेत काय सोडतो, ही तिसरी कसोटी युरोपने मात्र कायद्यात आणली आहे. युरोपियन युनियनने जुलै २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार, लाकडी फर्निचरमधून बाहेर पडणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण चाचणीकक्षातील हवेत घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. अंमलबजावणीसाठी ६ ऑगस्ट २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. युरोपच्या बंदरात उतरणाऱ्या भारतीय खुर्चीला जी परीक्षा द्यावी लागेल, ती मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधील कपाटाला नाही. या तफावतीचा विचार करण्याची वेळ आली आहे.

लाखेपासून पीयूपर्यंत

आपल्याकडचे जुने फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. झाडावरील कीटकांपासून मिळणारी ही राळ वाळल्यावर जवळजवळ निरुपद्रवी असते. स्पिरिटची वाफ कामाच्या वेळी त्रासदायक ठरते, पण लवकर उडून जाते. दोष टिकाऊपणाचा. गरम चहाचा कप, सांडलेले पाणी किंवा सॅनिटायझर यांचा डाग या लेपावर पडतोच. नायट्रोसेल्युलोज लॅकर झटपट वाळते आणि दिसते छान. पण फवारण्याजोगे पातळ केल्यावर त्यात घन भाग ढोबळमानाने चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. बाकीचे सारे थिनर हवेत जाते.

मध्यमवर्गीय घरांत रुळलेले मेलामाइन पॉलिश त्याहून कठीण व डाग न धरणारे. आम्ल उत्प्रेरकाच्या साहाय्याने ते घट्ट होते आणि या प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. थिनरचा वास काही दिवसांत कमी होतो. फॉर्मल्डिहाइडचे उत्सर्जन मात्र घटत घटत आठवडे, कधी कधी महिनेही सुरू राहते. ऊन आणि दमटपणा वाढला की त्याचा वेगही वाढतो. आपल्या किनारपट्टीच्या हवेत ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या गटात टाकले. संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, तेही अर्ध्या तासाच्या सरासरीने, ही मर्यादा सुचविली.

सर्वांत चिवट लेप म्हणजे दोन घटकांचे पॉलियुरेथेन, अर्थात पीयू. ओरखडे, उष्णता, पाणी यांना तो उत्तम तोंड देतो आणि पूर्ण घट्ट झाल्यावर त्यातून फारसे काही बाहेर पडत नाही. धोका आहे तो फवारणीच्या वेळी. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही झटका आणू शकते. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून अधिक मुक्त डायआयसोसायनेट असलेली उत्पादने व्यवसायासाठी हाताळण्यापूर्वी प्रशिक्षण घेणे सक्तीचे आहे.

घर हाच कारखाना

यात आपल्याकडची खरी अडचण दडलेली आहे. युरोप-अमेरिकेत फर्निचरचा मोठा हिस्सा कारखान्यातील फवारणी कक्षात रंगवला जातो. तेथे वाफ ओढून घेणारे पंखे असतात. आपल्या शहरांत सुतार आणि पॉलिशवाले फ्लॅटमध्येच मुक्काम ठोकतात. हॉलमध्ये कॉम्प्रेसर लागतो. ओल्या लेपावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या आणि पंखे बंद केले जातात. चकाकीसाठी जे आवश्यक, नेमके तेच फुफ्फुसांसाठी सर्वांत घातक. तोंडावर बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो, वाफ अजिबात अडवत नाही. रंगकामाचा व्यवसाय हाच कर्करोगकारक असल्याचे याच संशोधन संस्थेने १९८९ मध्येच नोंदविले होते. आणि काम संपल्यावर, दिवाळीच्या किंवा गृहप्रवेशाच्या मुहूर्तासाठी, वास पूर्ण जाण्याआधीच कुटुंब राहायला येते.

कायद्याच्या नजरेतून मात्र ही जागा निसटते. कारखान्यातील हवेत टोल्युइन वा फॉर्मल्डिहाइड किती असावे, याची मर्यादा १९४८ च्या कारखाने कायद्याने घातली होती. पण फ्लॅटचा हॉल म्हणजे कारखाना नव्हे. २००९ चे राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानक बारा प्रदूषकांची दखल घेते, त्यांत बेंझिन आहे, फॉर्मल्डिहाइड नाही. शिवाय ते मानक घराबाहेरच्या हवेचे. लेपांमधील बाष्पनशील सेंद्रिय संयुगांवर, म्हणजे ‘व्हीओसी’वर, सक्तीची मर्यादा देशात नाही. हरित इमारतींची मानांकने ती पाहतात, पण ती ऐच्छिक आहेत. युरोपने इमारतींतील लाकूडकामाच्या व्हार्निशसाठी २०१० पासूनच थिनरवर आधारित लेपांना लिटरला ४०० ग्रॅम आणि पाण्यावर आधारित लेपांना १३० ग्रॅम अशी मर्यादा घातलेली आहे.

टिकाऊपणाचाही हिशेब हवा

म्हणून सरसकट फ्रेंच पॉलिशकडे परत चला, असे म्हणणेही भाबडेपणाचे ठरेल. लेप लवकर खराब झाला की पुन्हा घासाई, पुन्हा थिनर, पुन्हा वाफ. समजा, एक लेप तीन वर्षे टिकला आणि दुसरा दहा वर्षे, तर त्या दहा वर्षांत पहिल्याची वाफ तीन-चार वेळा घरात पसरणार. तेव्हा हिशेब डब्यामागे नव्हे, तर लेपाच्या आयुष्यातील प्रत्येक वर्षामागे मांडायला हवा. त्या हिशेबात कारखान्यात लावून, पुरते वाळवून घरी आणलेले पीयू हे खिडक्या बंद करून घरात फवारलेल्या मेलामाइनपेक्षा रहिवाशांसाठी कितीतरी बरे ठरते.

पाण्यावर आधारित लेप हा तिसरा मार्ग आहे. त्यांत सेंद्रिय द्रावक बरेच कमी असतात आणि चांगल्या प्रतीच्या लेपांचा टिकाऊपणाही आता समाधानकारक असतो. मात्र ते महाग आहेत, पाण्याने लाकडाचे रेषे उभे राहत असल्याने घासाई अधिक लागते आणि पावसाळ्यात ते रेंगाळत वाळतात. ‘पाण्यावर आधारित’ म्हणजे ‘वाफविरहित’ नव्हे, हेही ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

निवड वस्तूच्या वापरानुसार करता येते. रोज पुसल्या जाणाऱ्या डायनिंग टेबलला चिवट लेप हवा, तो शक्यतो वर्कशॉपमध्येच लावून घ्यावा. शोकेस वा जुन्या सागवानी खुर्चीला लाखेचे पॉलिश पुरते. मुलांच्या खोलीत आणि कपाटाच्या आतल्या बाजूस, जिथे वाफ कोंडून राहते, तिथे मेलामाइन टाळावे. प्लायवूड व पार्टिकल बोर्डच्या उघड्या कडा मात्र बंद करून घ्याव्यात. कारण गोंदातले फॉर्मल्डिहाइड तिथून अधिक झिरपते. घरातच काम करायचे झाल्यास हवा खेळती ठेवावी, पॉलिशवाल्याला कोळशाच्या काडतुसाचा मास्क द्यावा आणि राहायला जाण्यापूर्वी काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तरीही सारा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नाही. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. जे शिशाबाबत झाले, ते वाफेबाबतही होऊ शकते. सुरुवात म्हणून प्रत्येक डब्यावर लिटरमागे किती ग्रॅम व्हीओसी आहे, हे ठळक अक्षरांत आणि मराठीतही छापणे सक्तीचे व्हावे. चकाकीची किंमत रुपयांत सांगितली जाते. ती श्वासांतही मोजावी लागते, हे निदान खरेदीच्या वेळी कळले पाहिजे.