दहा शिष्यवृत्त्यांपासून दहा हजार डॉलरपर्यंत

दिल्लीच्या सरोजिनी नगरातली जुनी सरकारी क्वार्टर्स पाडून तिथे उंच मनोरे उभे राहत आहेत. या भागात राहणाऱ्या मराठी घरांमधून हल्ली मला एकच प्रश्न येतो. मुलगी अकरावीत आहे, परदेशात शिकायचं म्हणते, मग तिने ‘रिसर्च पेपर’ केलेला बरा का? सोबत एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक असतं. त्यात काही आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम, नामांकित विद्यापीठात पीएच.डी. करणारा मेंटॉर आणि शेवटी छापून येणारा शोधनिबंध असं सगळं ठरलेलं असतं.

अशा कार्यक्रमांची शहानिशा अमेरिकेतल्या ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये केली होती. तिथे फी अडीच हजारांपासून दहा हजार डॉलरपर्यंत होती, आणि मुलांचे निबंध छापायला जवळपास काहीही स्वीकारणारी नियतकालिकं उभी राहिली होती. दहा हजार डॉलर म्हणजे आठ लाखांच्या वर. सरकारी पगारावर चालणाऱ्या घराला हा आकडा झोप उडवणारा आहे. तरी आईबाप कर्ज काढायला तयार होतात, कारण मुलीच्या मनात खरोखरच काही शोधायची ओढ आहे आणि तिला हात धरून शिकवणारं माणूस शाळेत सापडत नाही. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हे काम आपल्या सरकारने एकेकाळी स्वतः केलं होतं, तेही याच शहरात. १९६३ मध्ये एनसीईआरटीने राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू केली ती फक्त दिल्लीपुरती, अकरावीच्या मुलांसाठी, दहा शिष्यवृत्त्यांची. पुढच्याच वर्षी ती देशभर गेली आणि शिष्यवृत्त्या साडेतीनशे झाल्या. विज्ञानाची चाचणी आणि निबंध तर होतेच, पण विद्यार्थ्याला स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे आणि त्यानंतर मुलाखत होई. निवड झाली की मूलभूत विज्ञानात थेट डॉक्टरेटपर्यंत मदत मिळे. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतः काही करून पाहिलं आहे का, हे सरकार विचारत होतं.

१९७६ मध्ये योजनेचं नाव आणि रूप बदललं. सामाजिक शास्त्रं, अभियांत्रिकी, वैद्यक आत आले, हे चांगलंच झालं. पण प्रकल्प अहवाल गेला आणि त्याच्या जागी पर्याय निवडायची प्रश्नपत्रिका आली. मोठ्या देशात हजारो अहवाल वाचायचे कोणी, ही अडचण मला कळते. मात्र त्यानंतर मुलं क्लासला जाऊन या परीक्षेचीही तयारी करू लागली. २०२१ नंतर तीही थांबली. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ मध्ये गुंडाळली गेली. ही जागा रिकामी झाली आणि माहितीपत्रकं तिथे शिरली.

चांगला मार्गदर्शक काय करतो, हे पुण्यात पाहायला मिळालं. डॉ. जयंत नारळीकरांनी तिथल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. आठवी-नववीचं मूल आठवडाभर एका शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं. नेमलेला अभ्यासक्रम नव्हता. ग्रंथालय मोकळं होतं आणि शेवटी मुलाने अहवाल लिहायचा. सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, की मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. किती मोठी गोष्ट आहे ही! मुलाच्या हाती सहीही पडायची आणि ती मिळवायला त्याला आधी स्वतःचा प्रश्न शोधावा लागायचा. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून तेच करत आली आहे. दहा ते सतरा वर्षांची मुलं, शाळेतलाच शिक्षक आणि आपल्या परिसरातला एखादा प्रश्न, एवढ्यावर ती चालते.

सरोजिनी नगराच्या मुलांना तर प्रश्न शोधायला लांब जायलाच नको. जून २०१८ मध्ये सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी सोळा हजारांहून जास्त झाडं तोडायची योजना पुढे आली, तेव्हा याच रस्त्यांवर लोक झाडांना कवटाळून उभे राहिले आणि उच्च न्यायालयाने तोडीला तात्पुरती स्थगिती दिली. तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपं लावायची, असा नियम त्या वेळी सांगितला जात होता. ती रोपं कुठे लावली, किती जगली? मनोऱ्यांमधल्या काँक्रीटवर मे महिन्याच्या दुपारी किती तापतं आणि उरलेल्या कडुनिंबाखाली किती? थर्मामीटर, वही आणि दोन महिन्यांचा धीर एवढ्यात काम सुरू होतं. खरी गरज पडते ती पुढे. हे तू कसं मोजलंस, दुसऱ्याने मोजलं तर हाच आकडा येईल का, सावलीची वेळ लिहून ठेवलीस का, असं दर आठवड्याला विचारणारा माणूस हवा.

आणि तशी माणसं इथून हाकेच्या अंतरावर आहेत. आयआयटी, एम्स, जेएनयू, खुद्द एनसीईआरटी, सगळं काही किलोमीटरच्या परिघात. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थांमधल्या प्रत्येक विभागाने आसपासच्या सरकारी शाळांमधली दोन-तीन मुलं वर्षभरासाठी घ्यावीत, विनामूल्य. पीएच.डी. करणाऱ्यांनी महिन्यातून दोन शनिवार द्यावेत आणि विद्यापीठाने ते त्यांच्या अध्यापनाच्या कामात धरावेत. एनसीईआरटीने प्रतिभा शोध पुन्हा सुरू करताना प्रकल्प अहवालही परत आणावा. १९६३ प्रमाणे आधी दिल्लीतल्या दहा मुलांपासून सुरुवात केली तरी चालेल.

तोवर ज्या आईवडिलांनी मला विचारलं त्यांना माझं उत्तर असं: कर्ज काढू नका. मुलीला आधी वहीभर नोंदी करू द्या. मग तिनेच आपला प्रश्न आणि नोंदींची दोन पानं जोडून जवळच्या विद्यापीठातल्या चार-पाच प्राध्यापकांना पत्र लिहावं. सगळे उत्तर देणार नाहीत. एकाने दिलं तरी तिचं काम सुरू होईल.