श्रम-प्रमाणपत्राची प्रतीक्षा : तारीख नेमकी कोणाची?

अमेरिकेत नोकरीस गेलेला मुलगा इतकी वर्षे झाली तरी तेथे कायम का होत नाही, असे त्याचे आईवडील आम्हांस अनेकदा विचारतात. याचे रूढ उत्तर ग्रीन कार्डाच्या रांगेकडे बोट दाखवते, आणि ते चुकीचे नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यांत एका देशाचा वाटा साधारणतः ७ टक्के. भारतीयांची रांग त्यामुळेच दशकाहून लांबली आहे. तथापि बहुतेकांना त्या रांगेत शिरण्यापूर्वी एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

परदेशी माणूस नेमल्याने स्थानिक कामगाराच्या नोकरीस व वेतनास बाधा येत नाही, असे श्रम खात्याने प्रमाणित करावे, ही अट १९६५ च्या कायद्याने पक्की केली. तत्त्व न्याय्य आहे. त्यास आमचा विरोध नाही. मालकाने प्रथम त्या कामाचे प्रचलित वेतन खात्याकडून ठरवून घ्यावयाचे, रविवारच्या अंकांत दोन जाहिराती द्यावयाच्या आणि योग्य स्थानिक उमेदवार न मिळाल्यासच अर्ज करावयाचा.

घोडे अडते ते निर्णयापाशी. जुन्या पद्धतीत अर्ज इतके साचले की २००४ साली फिलाडेल्फिया व डॅलस येथे केवळ तुंबलेली प्रकरणे निकाली काढण्यासाठी दोन केंद्रे उघडावी लागली. ते काम संपण्यास २००७ उजाडले. मार्च २००५ मध्ये 'पर्म' ही संगणकीय पद्धत आली, तेव्हा ४५ ते ६० दिवसांत निकालाची अपेक्षा वर्तविण्यात आली होती. २०२५ साली हाच अवधी १६ महिन्यांच्या घरात गेला होता. वेतन ठरविण्यात जाणारे महिने निराळेच.

आता कोणी म्हणेल, जेथे दहा वर्षे थांबावयाचे तेथे १६ महिन्यांचे काय एवढे? अर्ज दाखल झाल्याचा दिवस हाच रांगेतील क्रमांक ठरतो. म्हणजे हे महिने त्या मोठ्या प्रतीक्षेतच मोजले जातात. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. परंतु अर्ज मालकाचा असतो, कामगाराचा नव्हे. प्रमाणपत्र मिळून पुढील टप्प्यावरील मालकाची याचिका मंजूर होईपर्यंत ती तारीख कामगाराच्या हाती येत नाही. तत्पूर्वी नोकरी गेली तर तारीखही गेली. आणि नवा मालक शोधण्यास एच-१बी धारकाला मिळतात जास्तीत जास्त ६० दिवस. २०२३ साली कर्मचारीकपातीनंतर गूगल व अ‍ॅमेझॉन यांनी असे नवे अर्ज करणेच थांबविले होते. विलंबाची खरी झळ अशा वेळी लागते. दिवसांची संख्या त्यापुढे गौण आहे.

मुलांचे तर आणखी विचित्र. एकविसाव्या वर्षी मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या कायद्याने याचिका प्रलंबित असल्याचे दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. श्रम-प्रमाणपत्रासाठी गेलेले दिवस मात्र होत नाहीत. खात्याच्या दिरंगाईचा भार असा शाळकरी पोरावर पडतो.

एच-१बीची मुदत ६ वर्षांची. ती पुढे वाढवून घेण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे प्रमाणपत्राचा अर्ज किमान ३६५ दिवस आधी दाखल झालेला असणे. वेतननिश्चिती व जाहिरातींचा काळ धरला तर चौथ्या वर्षीच हालचाल हवी. यास्तव मुलांना फोनवर पगार विचारण्याआधी मालकाने अर्ज केला का, हे विचारावे. त्याचा खर्च कामगाराकडून घेण्यास २००७ पासून मनाई आहे. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर ते बेकायदा होय.