घरातली गोळी आणि पोटातली कळ

सभासद बंधूंनो, लागणीला खत किती टाकलं, पाणी किती दिवसांनी दिलं, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण घरची बाई पाळणा लांबविण्यासाठी कोणती गोळी घेते, हे विचारले की आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. चारचौघांत हा विषय काढायचा नाही, अशी रीत. ती आम्हाला मान्य नाही, म्हणून येथे काढतो.

विषय पित्ताशयातल्या खड्यांचा. आपल्याकडे 'पित्त' या एका शब्दात सारेच कोंबलेले. छातीत जळजळलं, पित्त. डोकं चढलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तरी पित्तच. मग जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, ती पाठीत-खांद्यात गेली, उलटी झाली, तरी आमसुलाचं पाणी द्यायचं आणि 'पडून राहा' म्हणायचं. खरे पित्त यकृतात तयार होते व खालच्या पिशवीत साठते. तिथे खडे धरतात.

पॅनमधला पाक आटून घट्ट झाला की साखरेचा दाणा धरतो. इथेही तसेच काहीसे. माला-डी, माला-एन अशा गोळ्यांत दोन हार्मोन असतात. एकाने पित्तातले कोलेस्टेरॉल वाढते, दुसऱ्याने पिशवी सुस्तावते, पुरती रिकामी होत नाही.

१९७३ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांना गोळी घेणाऱ्या बायकांत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे दुखणे सुमारे दुप्पट आढळले. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी बरीच वर्षे नोंदी ठेवून वेगळे सांगितले : ज्या बाईचा मुळात तसा कल असतो, तिचे दुखणे गोळीने लवकर वर येते, एवढेच. शिवाय त्या काळच्या गोळ्या जबर होत्या. माला-डीमध्ये इस्ट्रोजेन अवघे ३० मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा हे वाचून कुणी पाकीट उकिरड्यावर फेकू नये. गरोदरपणातही खडे धरतात, आणि पाठोपाठची बाळंतपणं काही फुकट पडत नाहीत.

आमची तक्रार गोळीबद्दल नाहीच, लपवाछपवीबद्दल आहे. दवाखान्यात सासूबाई शेजारी बसलेल्या. डॉक्टर विचारतात, काही औषध चालू आहे का? सूनबाई मान हलवते, नाही. त्या एका 'नाही'ने डॉक्टरांचा अर्धा रस्ता बंद होतो. कारण खड्यांचा त्रास चालू असताना ही दोन हार्मोनांची गोळी सहसा देत नाहीत, दुसरी सोय बघतात. तांब्याच्या तांबीत हार्मोन नसते. निरोध आहे. आणि पुरुषांची नसबंदीही आहे बरं का! २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, नवऱ्याची मात्र हजारांत तिघींच्या घरी. टाक्यांची नाही, साधी, बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. तरी आपण मागे.

अशी कळ वरचेवर येत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. ती उपाशीपोटी करतात, म्हणून सकाळीच निघावे, आणि गोळीचे पाकीट पिशवीत टाकून न्यावे. 'हंगाम उरकू दे, मग बघू' हे नेहमीचे उत्तर इथे नको. थंडी वाजून ताप भरला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, टोळी फडात उतरलेली असली तरी.