सहा मेगापिक्सेलचं सुख

ऑफिसात कुणी नवा फोन घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती मेगापिक्सेल?’ पन्नास, शंभर, दोनशे! अशा जमान्यात सहा मेगापिक्सेलचा म्हातारा कॅमेरा गळ्यात अडकवून गोदाघाटावर फिरायचं म्हणजे वेडेपणाच की! पण मंडळी, हे वेड सध्या जगभरच्या फोटोग्राफर्सना लागलंय.

उदाहरण घ्या निकॉन डी-४०चं. २००६ साली आलेला. फोकसचे पॉइंट तीन, व्हिडिओ नाहीच. पण जरा हिशोब करा. त्याचा फोटो ३००८ बाय २००० पिक्सेलचा. फुल एचडी टीव्हीला लागतात जेमतेम दोन मेगापिक्सेल. दहा इंची झकास प्रिंटही निघते. आणि आपले फोटो शेवटी जातात कुठे? फॅमिली ग्रुपवर!

‘जुन्या सीसीडी सेन्सरचे रंगच न्यारे’ असं शौकीन सांगतात. सीसीडी शोधणाऱ्या बॉइल आणि स्मिथ यांना २००९मध्ये नोबेलही मिळालं. पण सगळं श्रेय सेन्सरला नको. त्यावरचे कलर फिल्टर आणि कंपनीचं प्रोसेसिंगही रंग ठरवतं.

खरी गंमत वेगळीच आहे. फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम्स घेतो, त्या एकत्र करतो आणि सावलीसुद्धा उजळून देतो. रामकुंडावरच्या सकाळचा अंधार किती ठेवायचा, हे तो ठरवतो. जुन्या कॅमेऱ्यात ते तुम्ही ठरवता. चुकलं तर तुमचं, जमलं तरी तुमचं. शिवाय मध्येच बॉसचा मेसेज टपकत नाही, हा बोनस!

आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये एकेक फ्रेम टिपत वाटाण्याचं रोप वाढताना दाखवलं होतं. साधन साधं, पण धीर भरपूर. फंडा तोच.

अर्थात, म्हाताऱ्याचे नखरेही आहेत. संध्याकाळच्या आरतीला आयएसओ १६०० केला की फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. नांदूर मध्यमेश्वरला गेलात तर सेकंदाला अडीच फोटोंच्या स्पीडमध्ये पक्षी कधीच उडून गेलेला असतो. सेकंडहँड घेताना बॅटरी टिकते का आणि शटर किती वेळा पडलंय, ते आधी तपासा. डी-४०च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे लेन्समध्ये मोटर हवीच.

पण विकत घ्यायची घाई कशाला? आधी घरातला माळा शोधा. तिथल्या कॅमेऱ्यात जुनं कार्ड सापडलं तर फॉरमॅट करू नका. फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षं पडून राहिली तर त्यातला डेटा उडू शकतो. आजच कॉम्प्युटरवर कॉपी करा. कदाचित त्यात आजोबा असतील, अंगणातल्या खुर्चीत, सहाच मेगापिक्सेलमध्ये. ते आता कुठल्याही नव्या फोनमध्ये मिळणार नाहीत.